बत्तीच्या पोटातला स्फोट

शिरूर काय किंवा दौंड काय, दोन्ही तालुके दख्खनच्या बेसाल्टवर बसलेले. इथे कोळशाचा खडाही निघत नाही. पण दौंडजवळच्या कुरकुंभच्या एमआयडीसीत, जिथे पेट घेणारी सॉल्व्हंट हाताळतात, तिथे जाड धातूच्या, बोल्टांनी आवळलेल्या बत्त्या दिसतात. इलेक्ट्रिशियनच्या तोंडी त्या ‘एफएलपी फिटिंग’, म्हणजे फ्लेमप्रूफ. हे घराणं मूळचं कोळसा खाणीतलं.

अशी बत्ती हवाबंद असते, हा सार्वत्रिक गैरसमज. बत्ती तापते, निवते, तशी हवा आत-बाहेर होते. गॅस आज ना उद्या आत शिरणार, हे धरूनच ती घडवलेली असते. आत ठिणगी पडून स्फोट झाला तर खुशाल होऊ द्यायचा! फक्त खोकं फुटता कामा नये. झाकण आणि खोकं जिथे टेकतात, तिथे रुंद, गुळगुळीत कडांमध्ये केसभर फट असते. पेटलेला वायू त्या फटीतून बाहेर पडेपर्यंत इतका निवतो, की बाहेरचा गॅस पेटत नाही. हम्फ्री डेव्हीनं १८१५ मध्ये खाणीतल्या दिव्याच्या ज्योतीभोवती तारेची जाळी बसवली, तिच्यामागेही धातूनं ज्योतीची उष्णता शोषण्याचंच तत्त्व होतं.

तरी कुरकुंभची बत्ती उचलून खाणीत लावता येत नाही. मानकांनुसार खाणीची उपकरणं गट एकमध्ये, जमिनीवरच्या कारखान्यांची गट दोनमध्ये. खाणीत हवेत ५ ते १५ टक्के मिथेन झाला की तो स्फोटक. शिवाय कोळशाची धूळ. ती बत्तीवर थर धरत असेल, तर पृष्ठभाग १५० अंश सेल्सिअसच्या वर तापू द्यायचा नाही. धूळ साचणार नसेल, तर ४५० अंशांपर्यंत मुभा. फरक केवढा!

महाराष्ट्रात या खाणी विदर्भात. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय नागपूरला, आणि सावनेरसारख्या भूमिगत खाणींत कोळसा भरणाऱ्या यंत्रांच्या अंगावरच दिवे असतात. अडचण अशी, की काळा कोळसा बहुतेक प्रकाश गिळून टाकतो. दिवा प्रखर केला, तर समोरून येणाऱ्या माणसाचे डोळे दिपतात. नुसते वॅट वाढवून भागत नाही. प्रकाश पसरवावा लागतो. एलईडीनं उष्णता आणि वीज दोन्ही वाचवली. माझ्या मते डेव्हीनंतरची ही सर्वांत मोठी सोय. मिथेन सव्वा टक्क्याच्या वर गेला, की यंत्राची वीज तोडायची असा नियम आहे. मग माणसांना बाहेर निघायला टोपीवरची बॅटरीची बत्तीच कामाची.

घात होतो तो देखभालीत. हरवलेला एक बोल्ट ‘नंतर लावू’ म्हणून राहतो, कडांवर रंगाचा हात फिरतो, पावसाळ्यात पाणी शिरतं म्हणून कुणी फटीत सिलिकॉन भरतो. बत्ती मात्र आधीसारखीच उजेड देत राहते, म्हणून बिघाड कुणाच्या ध्यानात येत नाही. तो सापडतो झाकणाच्या फटीत फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, सरकवून पाहिल्यावर.