वेबर्नचा दुपदरी खडक

मुंबई हाय तेलक्षेत्राच्या उतरत्या उत्पादनाची चर्चा ऐकून, जुन्या क्षेत्रातूनही तेल कसे काढतात हे पाहण्यासाठी संपादकांनी मला कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतातल्या वेबर्न तेलक्षेत्राचा वृत्तांत आणावयास धाडले. परंतु माझे मन गुंतले ते त्याच प्रांतातल्या रेजायना शहरातील सरकारी संग्रहालयात, जेथे दप्तरांऐवजी भूगर्भातून काढलेले खडकाचे दंडगोल खोक्यांतून क्रमवार रचून ठेवलेले आहेत.

इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९५४ साली तेथे तेल लागले, १९६४ पासून पाणी सोडून तेल रेटण्याची वहिवाट पडली, आणि २००० साली पाण्याच्या जोडीला कार्बन डाय-ऑक्साइड आला. तोही सरहद्दीपलीकडील उत्तर डकोटातील, कोळशापासून ज्वलनवायू करणाऱ्या कारखान्यातून, सुमारे ३२० किलोमीटर लांबीच्या नळाने.

वेबर्नचे तेल धरून ठेवणारा खडक सुमारे दीड किलोमीटर खोल असून त्याचे थर दोन. संग्रहालयात पाहिलेल्या खालच्या चुनखडकाच्या तुकड्यावर बोटाला लागतील अशी भोके आणि भेगा आहेत. वरचा डोलोमाइट मात्र खडूसारखा गुळगुळीत, भिंगातूनही त्यात छिद्र असे दिसेना, आणि तरीही त्याच्या आकारमानाचा जवळजवळ चौथा हिस्सा निव्वळ पोकळी आहे, हे ऐकून मी तो तुकडा पुन्हा हाती घेतला. पाणी सोप्या वाटेने खालच्या थरातून निघून गेले आणि वरचे तेल होते तेथेच राहिले. कार्बन डाय-ऑक्साइड मात्र हलका, वर चढणारा वायू. अन्यत्र हा त्याचा अवगुण, कारण तेलाला बगल देऊन तो माथ्यावरून निसटतो. वेबर्नला त्याच अवगुणाची योजना केली आहे: तो वरच्या थरात शिरतो, तेथील दाबाखाली तेलात मिसळतो, तेलाला फुगवून पातळ करतो. पाणी कोठे त्याच्याशी आळीपाळीने, तर कोठे त्याच वेळी पण निराळ्या विहिरीतून खालच्या थरात सोडतात, म्हणजे त्याच्या धावेला आवर बसतो. ही तजवीज करणाऱ्या अभियंत्यांविषयी मला नितांत आदर वाटतो.

परंतु भेगा कोणाचा आराखडा पाळीत नाहीत. त्यांतून वायू थेट उत्पादक विहिरीत पोहोचला, की त्याला तेलापासून निराळा करून, पुन्हा दाबून खाली धाडावे लागते, आणि त्यात वीज खर्ची पडते. पाण्यात विरघळला की तो आम्ल होऊन पोलाद कुरतडतो. वायूची पाळी संपवून पाणी सोडावे, तर ते पूर्वीइतके सहज आत शिरत नाही. २०१४ पासून सस्कॅचेवानातल्याच बाउंडरी डॅम वीजकेंद्राचा कार्बन डाय-ऑक्साइडही येऊ लागल्याने पुरवठ्याची विवंचना कमी झाली. मात्र १९५०च्या दशकात खोदलेल्या विहिरींचे सिमेंट अशा आम्लाचा विचार करून भरलेलेच नव्हते, आणि वायू जिकडे पसरेल तिकडच्या प्रत्येक जुन्या विहिरीची तपासणी केल्यावाचून गत्यंतर नाही.