कोंडवाडा सुधारला तर दवाखान्यातली गर्दी कमी होईल

आरोग्याच्या सदरात कोंडवाड्याचा विषय कसा, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. गुरांचा डॉक्टर निराळा आणि माणसांचा निराळा, ही आपल्याकडची पक्की वाटणी आहे. परंतु माझ्यासारख्या साध्या दवाखान्यात बसणाऱ्या डॉक्टरकडेही असे रुग्ण नेहमी येतात, की ज्यांच्या दुखण्याचे मूळ मोकाट जनावरांत असते. कुणाला कुत्रा चावलेला असतो, कुणी रात्री रस्त्यात बसलेल्या गाईवर मोटारसायकल धडकून पडलेला असतो. पावसाळ्यात गुरे रस्त्यावर येऊन का बसतात, याचे कारण साधे आहे. मोकळी जागा चिखलाने भरलेली असते, डांबर कोरडे असते आणि तेथे माश्याही कमी सतावतात. गाय आपल्या हिशेबाने शहाणीच वागते. सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा या आपल्या दोन महामार्गांवर अंधारात येणाऱ्या गाडीवाल्याला मात्र तो हिशेब महागात पडतो.

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वे स्थानके यांच्या आवारातील मोकाट कुत्री उचलून, निर्बीजीकरण व लसीकरण करून निवाऱ्यात ठेवावीत आणि पुन्हा त्याच जागी सोडू नयेत, असा आदेश दिला. महामार्गांवरील गुरे हलवून त्यांची सोय लावावी, असेही त्यात होते. आदेश कुणाला पटला, कुणाला पटला नाही. तो वाद मी येथे घेत नाही. जनावरे उचलली तर ती कुठे तरी ठेवावी लागणार, आणि ठेवण्याची जागा बिघडलेली असली तर रस्त्यावरचा रोग एका जागी गोळा करून वाढवल्यासारखे होणार, एवढे मला डॉक्टर म्हणून दिसते.

खानदेशातील एका गावचा कोंडवाडा मी पाहिला आहे. गावाचे नाव घेत नाही, कारण थोड्याफार फरकाने हे चित्र पुष्कळ ठिकाणी दिसेल. चार भिंती, अर्ध्या भागावर पत्रा, मध्ये एक हौद आणि त्यात शेवाळलेले पाणी. नव्याने आणलेली गाय, महिनाभर पडून असलेला लंगडा गोऱ्हा आणि नुकतीच व्यालेली म्हैस, सगळी एकत्र. भिंतीपलीकडे कुत्र्यांचे पिंजरे. तेथे एकच माणूस शेण काढतो, चारा टाकतो, पिंजरे धुतो आणि त्याच हातांनी डबा उघडून जेवतो. त्या माणसाला मी दोष देत नाही. हात धुवायला तेथे नळच नव्हता.

कोंडवाड्याचा कायदा इंग्रजांनी १८७१ साली केला. त्यात प्रत्येक जनावराची नोंदवहीत नोंद, त्याच्या चारापाण्याची जबाबदारी आणि मालक न आल्यास मुदतीनंतर जाहीर लिलाव, ही सारी कलमे आहेत. कोंडवाड्याच्या रखवालदाराने लिलावात ते जनावर स्वतः विकत घेऊ नये, अशीही तरतूद आहे. कायदा करणाऱ्याला माणसाचा स्वभाव माहीत असावा! त्याही आधी, १८३२ साली मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून दंगल उसळली होती आणि १८३४ साली जमशेटजी जीजीभॉय व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने तेथे पांजरपोळ उभी राहिली. म्हणजे दया आणि कायदा हे दोन्ही आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुने आहेत. कमी पडते ती रोजची व्यवस्था, आणि तिच्यातला मोठा भाग आरोग्याचा आहे.

नवे जनावर वेगळे ठेवा

ऑगस्ट २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाची साथ महाराष्ट्रात आली, तेव्हा त्या वर्षीची राज्यातील पहिली नोंद आपल्याच जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातील चिनावल येथे झाली. पुढे राज्यभर गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले. हा रोग माणसाला होत नाही, हे त्या वेळी घाबरलेल्या लोकांना पुनःपुन्हा सांगावे लागत होते. तो चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडांमुळे पसरतो. बाधा झाल्यापासून अंगावर गाठी दिसेपर्यंत चार आठवड्यांपर्यंत वेळ जाऊ शकतो. म्हणजे आज धडधाकट दिसणारी गाय कोंडवाड्यात आणून बाकीच्या वीस गुरांत सोडली, तर काय आणले ते कळायला महिना लागेल.

म्हणून पहिली सुधारणा अशी की, आत येणाऱ्या जनावरासाठी वेगळी जागा हवी. फार खर्च लागत नाही. थोडे अंतर, वेगळी गव्हाण, वेगळी बादली, वेगळा खराटा. काम करण्याचा क्रमही ठरवावा. आधी निरोगी गुरे, मग नवी आलेली, शेवटी आजारी. आपण नेमके उलटे करतो. जे जनावर ओरडते त्याच्याकडे आधी जातो आणि त्याचा रोग पायांबरोबर इतरांकडे नेतो. दवाखान्यात मी जखमेतला पू साफ करून लगेच टाके घालायला बसत नाही, तसेच हे आहे.

दिवसांचा हिशेब

कोंडवाडा भरला की आपण म्हणतो, जागा वाढवा. माझ्या मते जागेआधी दिवस मोजावेत. समजा रोज पाच जनावरे आत येतात आणि प्रत्येक सरासरी दहा दिवस राहते, तर आत केव्हाही पन्नास जनावरे असणार. मुक्काम सहा दिवसांवर आणला, तर तीस. एक वीटही न रचता वीस जनावरांची जागा मोकळी होते. मुक्काम लांबतो तो बहुधा कागदामुळे. मालक शोधला जात नाही, पशुवैद्य येण्याचा वार ठरलेला नसतो, दंडाची पावती फाडणारा रजेवर असतो. गर्दी वाढली की मारामारी, जखमा, जुलाब आणि गोचीड वाढतात. आजारी जनावराला सोडता येत नाही. मुक्काम आणखी लांबतो. हे चक्र सगळ्यात सोपे कुठे तुटते, तर नोंदवहीत. कधी आले, कुठून आणले, लस कधी टोचली, कोणत्या तारखेला काय करायचे आहे, हे रोज सकाळी पाहिले तर अडकलेले जनावर लगेच लक्षात येते.

कुत्र्यांच्या निर्बीजीकरण केंद्रालाही हाच हिशेब लागू आहे. २०२३ च्या नियमांप्रमाणे शस्त्रक्रियेनंतर कुत्रे किमान चार दिवस ठेवावे लागते. पकडल्यापासून सोडेपर्यंत पाच दिवस धरले आणि पिंजरे चाळीस असले, तर दिवसाला आठच कुत्री होतील. वर्षात तीनशे दिवस काम चालले तर २,४००. गावात दहा हजार कुत्री आहेत असे धरा. मग संपूर्ण गावातून जे दिसेल ते कुत्रे पकडत फिरण्यात अर्थ नाही, कारण एका गल्लीत दोन झाली तरी उरलेल्या माद्यांची पिल्ले ती भर लगेच काढतात. एक प्रभाग घ्यावा, तो पुरा करावा, मग पुढचा. ज्या गाडीवर गल्लीचे नाव लिहून घेत नाहीत, तिचे अर्धे काम वाया जाते असे माझे मत आहे. कुत्रे ज्या जागेवरून पकडले तेथेच सोडायचे, हा सर्वसाधारण नियम आहे. संस्थांच्या आवारांपुरता न्यायालयाने त्याला अपवाद केला. परक्या गल्लीत सोडलेले कुत्रे तेथल्या टोळीशी भांडते, भेदरते आणि भेदरलेले कुत्रे अधिक चावते.

रेबीजची लस मात्र पिंजऱ्यासाठी थांबवू नये. गोव्याने २०१४ पासून ‘मिशन रेबीज’ या संस्थेच्या साहाय्याने घरोघर आणि गल्लोगल्ली जाऊन कुत्र्यांना लस टोचली. हाती न येणारी कुत्री जाळ्यात धरली, टोचली, रंगाची खूण केली आणि तेथेच सोडली. दहापैकी सात कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. तेथील कुत्री काही आपल्यापेक्षा वेगळ्या जातीची नाहीत.

फिनाईल सगळ्यावर चालत नाही

सफाईबद्दल एक गैरसमज फार आहे. शेणावर किंवा विष्ठेवर ब्लिचिंग पावडर भुरभुरली की जंतू मेले, असे समजतात. घाणीवर पडलेल्या क्लोरीनची ताकद त्या घाणीतच खर्च होते. आधी खरवडून काढावे, मग साबणाच्या पाण्याने धुवावे, त्यानंतर जंतुनाशकाचे पाणी टाकून दहा मिनिटे तसेच ठेवावे आणि वाळू द्यावे. कुत्र्याच्या पिल्लांना रक्ताचे जुलाब करून मारणारा पार्व्हो विषाणू नुसत्या फिनाईलने जाईलच असे नाही, आणि जमिनीत तो महिनोन्महिने टिकतो. त्याला ब्लिचिंगच लागते. ब्लिचिंग आणि संडास धुण्याचे आम्ल मात्र एकत्र करू नये. विषारी वायू निघतो आणि बंद खोलीत माणूस गुदमरतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्याबद्दल वेगळे सांगायला नको. पारा ४५ च्या आसपास असताना पत्र्याखालच्या पिंजऱ्यात काय होत असेल, ते दुपारी दोन वाजता तेथे पाच मिनिटे उभे राहून पाहावे. पत्र्याला वरून चुना, बाजूला ओली पोती आणि पिंजऱ्यात न कलंडणारे पाण्याचे भांडे, इतके तरी व्हावे. मोठी गाय उन्हाळ्यात दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी पिऊ शकते, हौद त्या हिशेबाने भरावा. रावेर-यावलकडे केळीची खोडे फुकट मिळतात म्हणून तीच टाकली जातात. त्यात बहुतेक पाणीच असते. कडब्याच्या जोडीला ठीक, कडब्याच्या जागी नव्हे. पोट फुगलेली गाय पाहून ‘खाऊन तृप्त आहे’ असेही समजू नये. रस्त्यावरच्या गाईच्या पोटात प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या असतात आणि ती भरल्या पोटी उपाशी असते. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने देशी गाईंसाठी गोशाळांना दर गाईमागे दिवसाला ५० रुपये अनुदान ठरवले, हे चांगले झाले. कोंडवाड्यातली संकरित गाय किंवा म्हैस मात्र त्यात बसत नाही. तिच्या चाऱ्याची तरतूद नगरपालिकेलाच अंदाजपत्रकात करावी लागेल.

आत काम करणारा माणूस

कुत्री पकडणाऱ्या गाडीवरचा एक तरुण माझ्याकडे खरजेच्या औषधासाठी आला होता. पोटरीवर चाव्याचे जुने व्रण दिसले म्हणून विचारले. तो हसून म्हणाला, “हाई ते रोजनंच शे, साहेब.” चारदा चावून झाले होते. इंजेक्शने एकदाच घेतली, तीही दोन घेऊन सोडलेली, कारण खाडा झाला तर ठेकेदार मजुरी कापतो. घरी त्याला तीन वर्षांची मुलगी आहे.

इंटर्नशिपच्या काळात, १९९० नंतरच्या त्या वर्षांत, मी रेबीजचा रुग्ण पाहिला आहे. तहानलेला माणूस पाण्याचा पेला पाहून आखडतो आणि शुद्धीवर असतो. एकदा लक्षणे सुरू झाली की उपाय नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२२-२३ च्या पाहणीवरून देशात वर्षाला सुमारे ५,७०० माणसे रेबीजने मरतात असा अंदाज आहे, आणि हा मृत्यू संपूर्ण टाळता येण्यासारखा आहे.

कुत्र्यांशी रोज संबंध येणाऱ्या माणसाला चावण्याआधीच लस देता येते. पहिला दिवस, सातवा दिवस आणि एकविसावा किंवा अठ्ठाविसावा दिवस, अशी तीन इंजेक्शने. पुढे कधी चावले तर त्याला त्याच दिवशी आणि तिसऱ्या दिवशी अशी दोनच पुरतात, जखमेत सीरम टोचावे लागत नाही. ठेका देताना ही लस, धनुर्वाताचे इंजेक्शन, गमबूट, जाड हातमोजे आणि साबण-पाणी या अटी करारनाम्यात घालाव्यात, आणि बिल काढण्यापूर्वी कामगारांची लसीची कार्डे पाहावीत. हे नगरसेवकांनी विचारले तर लगेच होईल. नागरिकालाही माहितीच्या अधिकारात आत किती जनावरे आली, किती गेली, किती मेली हे मागता येते. मेलेल्यांचा आकडा अवश्य मागावा. चांगल्या कोंडवाड्यातही जनावरे मरतात, पण तेथे ती का मेली हे लिहिलेले असते.

एका वाचकाने विचारले आहे की, कोंडवाड्यातून सोडवून आणलेल्या गाईचे दूध प्यावे काय? गाय तापलेली नसेल, सडाला जखम वा सूज नसेल आणि औषधे चालू नसतील, तर चांगले उकळून प्यायला हरकत नाही. औषध चालू असेल तर किती दिवस दूध टाकायचे ते पशुवैद्याला विचारावे. कच्चे दूध, धारोष्ण म्हणूनही, कुणालाच देऊ नये. ब्रुसेल्लोसिससारखा महिनोन्महिने ताप आणि सांधेदुखी देणारा रोग त्यातून येतो. गाय चार आठवडे इतर जनावरांपासून दूर बांधावी, गोचीड काढून टाकावेत, लसीकरण करून घ्यावे. ती गाभण असून गर्भ टाकला, तर वार आणि गर्भ उघड्या हातांनी उचलू नये. हातमोजे नसतील तर हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे आणि घरातील गरोदर स्त्रीला त्या कामाला लावू नये.