जुनी टाटामोबाइल, घरचे पाने

टाटामोबाइल २०६ ही पिकअप १९८८ साली बाजारात आली. पुढे सिएरा आणि इस्टेट या गाड्या याच पिकअपच्या पायावर उभ्या राहिल्या. तिच्या १,९४८ सीसी डिझेल इंजिनाची इंधनयंत्रणा यांत्रिक आहे, म्हणून पान्यांचा संच आणि मल्टिमीटर हाताशी असला की बरीच कामं अंगणातच होतात.

सर्वांत आधी करावं असं काम म्हणजे हेडलाइटला रिले. अनेक जुन्या गाड्यांत बल्बचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून येतो. काळवंडलेले कॉन्टॅक्ट आणि गंजलेलं अर्थिंग यांत व्होल्टेज गळतं. हॅलोजनचा उजेड त्याहून कितीतरी वेगाने घटतो: व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड साधारण ३० टक्क्यांनी कमी! रिले बसवल्यावर स्विच फक्त इशारा देतो. करंट बॅटरीतून रिलेमार्गे जाड वायरने बल्बला मिळतो. बल्ब तोच, तरी रस्ता लख्ख दिसतो. फ्यूज मात्र बॅटरीच्या अगदी जवळच हवा.

डिझेल फिल्टर बदलल्यावर गाडी सुरू होत नाही? बहुधा लाइनमध्ये हवा अडकलेली असते. ब्लीड स्क्रू सैल करून हातपंप मारायचा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळायचा.

थंडीत इंजिन उशिरा पेटत असेल तर हीटर प्लग एकेक तपासावेत. चांगल्या प्लगचा रोध जेमतेम एखादा ओहम भरतो; जळालेल्या प्लगमधून करंट जातच नाही.

गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर विसंबू नये, स्टँड लावावेच.