मर्यादित सिंचन आणि रब्बी ज्वारीचे धान्योत्पादन : कुंभार पिंपळगाव परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगाव हे गाव गोदावरी खोऱ्यात वसलेले आहे. तालुक्याच्या काही भागातून जायकवाडी प्रकल्पाचा डावा कालवा जातो. इतरत्र शेतीची भिस्त विहिरींवर व पावसावर आहे. अशा प्रदेशात ज्वारीला एक किंवा दोनच पाणी देता येणे ही नित्याची परिस्थिती होय. म्हणून पाणी किती दिले यापेक्षा ते केव्हा दिले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

दाण्याचे उत्पादन कसे ठरते?

रब्बी ज्वारी मध्य सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर या काळात पेरली जाते आणि मुख्यतः काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. धान्याचे उत्पादन कणसांची संख्या, प्रत्येक कणसातील दाणे व दाण्याचे वजन या तीन घटकांवर अवलंबून असते. हे घटक एकाच वेळी ठरत नाहीत. पेरणीनंतर 28 ते 30 दिवसांनी, गर्भावस्थेत, कणसाचा पाया घातला जातो. 50 ते 55 दिवसांनी पीक पोटरीत येते. या काळात ताण पडल्यास कणीस लहान राहते व दाणे कमी भरतात. 70 ते 75 दिवसांनी फुलोरा आणि 90 ते 95 दिवसांनी दाणे भरण्याची अवस्था येते. या शेवटच्या अवस्थेतील पाणी दाण्याचे वजन वाढवू शकते; न बसलेल्या दाण्यांची संख्या मात्र वाढवू शकत नाही.

यामुळेच दोन पाणी शक्य असल्यास ती गर्भावस्थेत व पोटरीत देण्याची शिफारस केली जाते. फुलोऱ्यानंतर जमीन फार कोरडी पडल्यास खडखड्या रोगाने ताटे लोळतात आणि धान्याबरोबर कडब्याचेही नुकसान होते. वेळेवर केलेली कोळपणी भेगा बुजवून ओल टिकवते. ती एका अर्थाने बिनपाण्याचे सिंचनच होय.

पाण्याचा हिशेब

एक हेक्टरवर 6 सें.मी. पाणी देण्यास 600 घनमीटर पाणी लागते. 30 बाय 30 मीटर लांबी-रुंदीच्या व 3 मीटर खोलीच्या, उतरत्या बाजूंच्या शेततळ्यात सुमारे 2,196 घनमीटर पाणी मावते. बाष्पीभवन व पाझर वजा जाताही त्यातून दोन-तीन हेक्टर ज्वारीला एक संरक्षित पाणी मिळू शकते. याउलट, उसाला पाटाने 2,000 मि.मी. पाणी दिल्यास हेक्टरी 20,000 घनमीटर पाणी खर्च होते. एवढ्या पाण्यात 33 हेक्टर ज्वारीचे एक पाणी होते. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी 1970 च्या दशकात सुरू केलेल्या पाणी पंचायतीने उसाला पाणी नाकारले, त्यामागे हेच गणित होते.

निष्कर्ष

1 ऑक्टोबरला पेरलेली ज्वारी 20 ते 25 नोव्हेंबरच्या सुमारास पोटरीत येते. कालव्याची पाळी त्या वेळी न येता जानेवारीच्या मध्यास आली, तर पाणी मिळाल्याची नोंद होते. दाणा मात्र मिळत नाही. त्यामुळे आवर्तनाचे वेळापत्रक ठरविताना पिकाच्या अवस्था विचारात घेणे, हाच मर्यादित सिंचनाचा खरा उपयोग होय.