पूल बदलला, नियमाचं काय?

हुबळीच्या कमरीपेठेतून रामेश्वरची यात्रा करून आलेल्या आजी-आजोबांना विचारा, पांबनचा जुना रेल्वेपूल त्यांना नक्की आठवेल. 24 फेब्रुवारी 1914 रोजी सुरू झालेला हा पूल जहाज आलं की मधोमध दोन्हीकडे उघडायचा. त्यासाठी कामगार हातांनी लोखंडी दांडे फिरवत. गाडी त्यावरून अगदी सावकाश जायची.

डिसेंबर 2022 मध्ये त्यावरची वाहतूक थांबली. 6 एप्रिल 2025 रोजी शेजारीच नवा पूल सुरू झाला. त्याचा 72.5 मीटर लांबीचा मधला भाग मोटारींच्या जोरावर सरळ 17 मीटर वर उचलला जातो.

मग दांडे कसे फिरवायचे, याचे नियम आता कशाला? पण वारा जोराचा असला की गाडी थांबवायची, हा नियम नव्या पुलावरही आहे. पूल बदलला, समुद्र तोच आहे ना!

कायद्यांचंही तसंच. भाड्याच्या घोडागाड्यांचा 1879 चा कायदा टांगे दिसेनासे झाले तरी पुस्तकात राहिला होता. संसदेने 2017 मध्ये असे 131 जुने कायदे एकाच विधेयकाने रद्द केले. निरुपयोगी नियम कागदावर राहिला, की कुणीतरी तो दाखवून आपलं काम अडवू शकतं.

म्हणून घरात असो वा मंडळात, आधी विचारा: हा नियम कशासाठी केला होता? कारण संपलं असेल तर खोडा. कारण शिल्लक असेल, तर केवळ जुना म्हणून टाकू नका.