राखीव वीज वाऱ्याकडूनही मिळते

२८ सप्टेंबर २०१६. दुपारी सव्वाचारच्या सुमारास दक्षिण ऑस्ट्रेलियातली वीज गेली. जवळजवळ अख्खे राज्य अंधारात. खापर पवनचक्क्यांवर फुटले. वारा लहरी, त्याच्या भरवशावर ग्रिड सोपवलेच कसे?

चौकशीत वेगळेच निघाले. वादळाने वीजवाहिन्यांचे मनोरे आडवे केले होते आणि व्होल्टेज पाठोपाठ कोसळत होते. ठरावीक संख्येपेक्षा जास्त झटके बसले की उत्पादन कमी करायचे, अशी मर्यादा बऱ्याच पवनचक्क्यांच्या संरक्षक यंत्रणेत घातलेली होती. ती ओलांडली गेली आणि काही सेकंदांत ४५६ मेगावॉट वीज कमी झाली. तो भार व्हिक्टोरियाकडून येणाऱ्या वाहिनीवर पडला, तीही तुटली. वारा तर वाहतच होता. दोष सेटिंगचा होता, तो पुढे दुरुस्त झाला.

तरीही ‘पवनचक्की राखीव वीज देऊच शकत नाही’ हा समज टिकून आहे. राखीव वीज म्हणजे तरी काय? एखादे मोठे केंद्र अचानक बंद पडले की ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्झच्या खाली घसरते. ती सावरायला लगेच वाढवता येईल अशी हातची क्षमता. वाऱ्यातून १०० मेगावॉट मिळत असताना पाती किंचित वळवून ९० च घेतले, तर उरलेले १० हाताशी राहतात. पाती पुन्हा वळवायला काही सेकंद पुरतात. डेन्मार्कच्या समुद्रातला १६० मेगावॉटचा हॉर्न्स रेव्ह प्रकल्प २००२ मध्येच अशा नियंत्रणासह उभा राहिला. दक्षिण ऑस्ट्रेलियातही, त्या अंधारानंतर दोनच वर्षांत, हॉर्न्सडेलच्या पवनचक्क्या वारंवारता सावरण्याच्या बाजारात उतरल्या.

मग हातची ठेवलेली वीज वाया जाते, हा आक्षेप येतो. त्यात तथ्य आहे: न वापरलेला वारा साठवता येत नाही. पण मागणी कमी आणि वारा भरपूर असतो तेव्हा पवनचक्क्यांचे उत्पादन नाहीतरी कमी करायला लावतात. त्या वेळी ही राखीव क्षमता जवळजवळ फुकट पडते. वारा पडला की मात्र ती संपते. म्हणून बॅटरी आणि जलविद्युत सोबत लागतातच.

पूर्ण बंद पडलेले ग्रिड वाऱ्यावर पुन्हा सुरू होत नाही, असेही सांगितले जाते. स्कॉटलंडमधल्या ६९ मेगावॉटच्या डर्सालॉक पवन प्रकल्पाने २०२० मध्ये ग्रिडचा एक भाग तसा सुरू करून दाखवला आहे.