घरचा मापारी



धान्य घ्यावयाचे तर पायली आपल्या घरची असावी, असा जुन्या माणसांचा दंडक होता. दुकानदाराच्या मापावर विसंबून राहणारा गिऱ्हाईक भोळा समजला जाई. याच न्यायाने, कंपनीने जाहिरातीत छापलेला आकडा न मानता इंटरनेटचा वेग आपण स्वतः मोजावा, असे आज पुष्कळांस वाटते. त्याची साधनेही फुकट मिळतात. लिब्रेस्पीड, ओपनस्पीडटेस्ट, आयपर्फ-३ ही त्यांतील काही नावे. घरातल्या एखाद्या लहान संगणकावर ती बसवावी आणि हवे तेव्हा माप घ्यावे. कल्पना उत्तम आहे. परंतु जोडणी वेगवान असली की हा घरचा मापारी पुष्कळदा खोटे माप देतो, आणि तेही दशांश चिन्हापुढील दोन आकड्यांसह. त्याच्या शब्दावर विसंबून मी एका निरपराध माणसावर ठपका ठेवला होता, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

बेळगावात आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी एक गिगाबिटाची, म्हणजे सेकंदाला १,००० मेगाबिटांची जोडणी आली. विज्ञान प्रदर्शनासाठी घेतलेला रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक कपाटात पडून होता. तो राउटरला तारेने जोडला आणि दर तासाला बाहेरच्या सर्व्हरशी वेग मोजून नोंद ठेवण्याचे काम त्याला दिले. आकडे यावयाचे २३०, २५०, फार तर २७०. शिक्षकाला हजेरीपटाची सवय; तीन आठवड्यांच्या नोंदी मी नीट उतरवून काढल्या आणि कंपनीला खरमरीत पत्र लिहिले. जोडणी करून देणाऱ्या मुलाने तारेचे सांधे निष्काळजीपणे जुळवले असावेत, हे वाक्य त्यात माझ्या पदरचे होते.

तो मुलगा चौथ्या दिवशी दारात उभा राहिला. चेहरा उतरलेला होता. पत्राची प्रत त्याच्या साहेबाने त्याला दाखवली होती. त्याने वाद घातला नाही. माझ्या मुलीचा लॅपटॉप मागून घेतला, तीच तार त्याला लावली आणि वेग मोजला. आकडा आला ९३८. मग तार परत माझ्या यंत्राला लावली, २६०. "सर, लाइन बरोबर आहे. तुमचा डबा लहान पडतोय," तो म्हणाला. त्याच रात्री मी तक्रार मागे घेतल्याचे पत्र लिहिले.

डबा लहान म्हणजे काय, ते आता सांगतो. माझे यंत्र २०१८ साली निघालेले रास्पबेरी पाय ३ बी प्लस होते. त्याच्या जाळ्याच्या खाचेला गिगाबिट असे नाव आहे खरे, परंतु त्या खाचेमागचा रस्ता यूएसबी २.० या जुन्या मार्गावरून जातो, आणि त्यावरून जास्तीत जास्त ३०० मेगाबिट जातील असे बनवणाऱ्यांनीच सांगून ठेवले आहे. म्हणजे तारेतून हजार आले काय आणि पाचशे आले काय, त्या यंत्राला दोन्ही सारखेच. वेगमापन म्हणजे वाटेवरील सर्वांत अरुंद जागेचे मापन होय, आणि ती अरुंद जागा मोजणारे यंत्र स्वतःही असू शकते. जोडणी २० किंवा ५० मेगाबिटांची होती तोवर कुठलाही जुना संगणक तिच्याहून रुंद होता. आता तार पुढे गेली आणि मापे मागे राहिली.

येथे कोणी विचारील की लॅपटॉपवर तरी ९३८ च का, पूर्ण हजार का नाहीत? यात लबाडी नाही. तारेवरून मजकूर पाकिटांतून जातो. प्रत्येक पाकिटावर पत्ता, क्रमांक, तपासणीचा आकडा असतो, आणि दोन पाकिटांमध्ये थोडी मोकळी जागा सोडावी लागते. तारेवर १,५३८ बाइटांची जागा अडते तेव्हा आत माल सामान्यतः १,४४८ बाइट असतो. भागाकार केला तर हजारातले सुमारे ९४१ हाती येतात. तेव्हा ९४० च्या आसपास आकडा आला तर समाधान मानावे. ९४ च्या आसपास आला तर मात्र तार पाहावी. गिगाबिटाला तारेतील चारही जोड्या लागतात. एखादी जोडी तुटली की दोन्हीकडची यंत्रे पुष्कळदा मुकाट्याने १०० वर उतरतात, आणि दिवा मात्र लुकलुकतच राहतो.

दुसरी चूक याहून सोपी आणि याहून अधिक वेळा होणारी. मोजमापाचे साधन घरातल्या संगणकावर बसवावयाचे आणि सोफ्यावर बसून मोबाइलच्या ब्राउझरमधून चाचणी घ्यावयाची. यात इंटरनेट कोठेच आले नाही! मोबाइल आणि घरातला संगणक यांच्यामधील वाय-फाय तेवढे मोजले गेले. कंपनीची तार त्या वेळी कापून टाकली असती तरी आकडा तोच आला असता. हे माप निरुपयोगी नाही. कोणत्या खोलीत वाय-फाय अशक्त आहे हे त्यावरून उत्तम कळते. मात्र ते कंपनीला दाखवू नये.

शिवाय ब्राउझर हा मजूर बराच बोजड. शेकडो मेगाबिट येऊ लागले की ते स्मृतीत ठेवणे, मोजणे, टाकून देणे यातच त्याची दमछाक होते. पत्ता सुरक्षित पद्धतीचा असेल तर प्रत्येक बाइटाचे गुप्तलेखन करावे लागते. २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ मध्ये जाळे खरोखर गिगाबिटाचे आहे, पण हे गणित जलद करणाऱ्या खास सूचना त्याच्या प्रोसेसरात नाहीत. त्या २०२३ च्या पाय ५ मध्ये आल्या. आयपर्फ-३ ब्राउझरशिवाय चालते म्हणून हलके, परंतु ३.१६ ही २०२३ ची आवृत्ती येईपर्यंत तेही कितीही प्रवाह सोडले तरी सारे काम प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर करीत असे.

काही जण साधन घरात न ठेवता युरोपातील भाड्याच्या संगणकावर ठेवतात. तेथे अंतर आडवे येते. पाठवणारा पोचपावतीची वाट पाहत असतो. पावती येईपर्यंत किती माल वाटेवर सोडावा याला मर्यादा असते. जाऊन येण्यास सेकंदाचा दीडशे सहस्रांश लागत असेल, तर एक गिगाबिटाचा रस्ता भरून ठेवण्यास सुमारे १९ मेगाबाइट माल सतत वाटेवर हवा. घेणाऱ्याची कोठी समजा ६ मेगाबाइटांची असेल, तर एका प्रवाहात ३२० मेगाबिटांहून अधिक वेग मिळणे शक्य नाही, मग दोन्ही टोकांच्या तारा कितीही चांगल्या असोत. त्यातच प्रवाह आरंभी मुद्दाम सावकाश चालतो. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कलेचे विद्यापीठ यांच्यामधील अवघ्या ४०० यार्डांच्या अंतरावर गर्दी होऊन वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला होता. त्यानंतर व्हॅन जेकबसन यांनी ही सावध सुरुवात बसवून दिली. दूरच्या सर्व्हरशी दोन-तीन सेकंदांची चाचणी घेतली तर त्यातील बराच वेळ या सुरुवातीतच जातो.

माप नेहमी कमीच येते असेही नाही. साधनापुढे मध्यस्थ सर्व्हर ठेवलेला असेल तर तो वर पाठवलेला मजकूर स्वतःच गोळा करून ठेवतो. माल मुक्कामी पोचण्याआधीच ब्राउझर पोचला असे समजतो आणि आकडा फुगतो. उलट, एन्जिनएक्स हा प्रसिद्ध मध्यस्थ त्याच्या मूळच्या मांडणीत १ मेगाबाइटहून मोठा मजकूर आत घेत नाही, आणि ओपनस्पीडटेस्टला ती मर्यादा ३५ मेगाबाइट लागते. ती वाढवली नाही तर वर पाठवण्याची चाचणी फसते आणि दोष तारेच्या माथी येतो.

तेव्हा तक्रार लिहिण्यापूर्वी आधी मापाऱ्याची परीक्षा घ्यावी. घरातच दोन संगणक तारेने जोडून, एकावर आयपर्फ-३ चा सर्व्हर चालवून, त्यांच्यामधला वेग पाहावा. तेथेच ३०० आले तर बाहेरच्या ३०० ला काही अर्थ नाही. तेथे ९४० आले, तर त्याच यंत्रावरून, तारेनेच, जवळच्या सर्व्हरशी, आठ-दहा प्रवाह एकदम सोडून निदान अर्धा मिनिट मोजावे, आणि त्या वेळी प्रोसेसरवरील भार किती आहे इकडे लक्ष ठेवावे. एखादा गाभा शंभर टक्क्यांवर टेकला असेल तर तो आकडा प्रोसेसरचा होय. घरात कोणी चित्रपट पाहत असेल तर तो संपेपर्यंत थांबावे, हे वेगळे सांगावयास नको.

माझे ते लहान यंत्र मी टाकून दिलेले नाही. जोडणी केव्हा तुटते, केव्हा परत येते, आणि उत्तर यावयास किती सहस्रांश लागतात, एवढेच ते आता टिपते. त्या कामाला त्याची रुंदी पुरेशी आहे. गेल्या पावसाळ्यात एका रात्री दोनपासून पाचपर्यंत तार मुकी होती, हे त्यानेच सांगितले. सकाळी मी त्या मुलाला फोन केला आणि वेळा वाचून दाखवल्या. त्याच्याकडच्या नोंदीतही त्याच वेळा होत्या.